सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. गाव लहानसे, वस्ती सुमारे ३,००० लोकांची. २०२२ साली या गावाने एक निराळा निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद! ते पुन्हा सुरू व्हायचे साडेआठ वाजता. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी काही वाचावे, सर्वांनी एकमेकांशी बोलावे, असे ठरले.

गावाला असे का करावेसे वाटले? करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाइलवर होऊ लागला. ज्या मुलांच्या हाती पालक एरवी मोबाइल देत नसत, त्यांनाही तो द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या. पण हातातला मोबाइल काही सुटला नाही. शाळेतून आलेली मुले मोबाइल घेऊन बसत आणि कामावरून आलेली मोठी माणसे टीव्हीपुढे बसत.

मित्रांनो, मोबाइल ही काही वाईट वस्तू नाही. दूरच्या नातेवाइकांशी आपण त्यावर बोलतो, न समजलेला धडा पुन्हा ऐकतो. मग काळजी कशाची? याचे उत्तर आपल्या शरीरातच आहे. प्रथम डोळ्यांकडे पाहू या.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक भिंग असते आणि मागे दृष्टिपटल असते. दूरचे पाहताना भिंगाभोवतीचा स्नायू सैल असतो. जवळचे पाहताना तो आवळला जातो. तुम्ही हाताची मूठ घट्ट आवळून दहा मिनिटे बसून पाहा. हात दुखू लागेल. मोबाइल वीतभर अंतरावर धरून तासन्तास पाहिला, तर डोळ्यातल्या या स्नायूलाही असाच ताण पडतो.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या पापण्यांची मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा उघडझाप होते. प्रत्येक वेळी पापणी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. पडद्याकडे टक लावून पाहताना ही उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. सुदैवाने हा त्रास विश्रांतीने कमी होतो.

दुसरा त्रास मात्र विश्रांतीने जात नाही. जन्माच्या वेळी आपला डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. वाढत वाढत तो सुमारे २४ मिलिमीटर होतो आणि थांबतो. काही मुलांच्या बाबतीत तो वेळेवर थांबत नाही. अधिक लांब होतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. पुस्तकातली अक्षरे स्वच्छ दिसतात. पण फळ्यावरची पुसट दिसतात. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. डोळा केवळ एक मिलिमीटर जास्त लांब झाला, तरी सुमारे अडीच नंबरचा चष्मा लागतो.

'चष्मा' आणि 'नजर' हे शब्द तुम्हांला नवे नाहीत; उर्दूतही ते आहेतच. चष्म्याने नजर साफ होते, हे खरे. पण एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला, तर पुढील आयुष्यात दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका असतो.

हा दोष एकट्या मोबाइलमुळे होत नाही. आईवडिलांना तो असेल, तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. सतत जवळचे पाहणे, मग ते पुस्तक असो की पडदा, हेही एक कारण आहे. तिसरे कारण म्हणजे दिवसाचा उजेड न मिळणे. चीनमध्ये हा दोष पुष्कळ मुलांत आढळतो, म्हणून तेथे त्याचा बराच अभ्यास झाला आहे. फेइचेंग या शहरात २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या दर १०० मुलांपैकी सहाहून कमी मुलांत निकटदृष्टिता आढळत असे. २०२० मध्ये साथीमुळे मुले काही महिने घरातच राहिली. त्यानंतर तपासणी झाली, तेव्हा ही संख्या २१ वर गेली होती!

आता याच देशातला एक प्रयोग पाहा. ग्वांगझू शहरातील १२ प्राथमिक शाळा २०१० साली निवडण्यात आल्या. त्यांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत नेण्यात आले. तीन वर्षांनी काय दिसले? एरवीच्या शाळांत दर १०० मुलांपैकी सुमारे ४० जणांना निकटदृष्टिता झाली होती. बाहेर खेळलेल्या मुलांत ही संख्या सुमारे ३० होती. ना औषध, ना इंजेक्शन. फक्त ४० मिनिटांचा उजेड! दिवसा मैदानावरचा उजेड घरातल्या उजेडाच्या अनेक पट असतो. तो डोळ्याची वाढ आवरून धरतो, असे शास्त्रज्ञ मानतात. मात्र सूर्याकडे थेट कधीही पाहू नये.

जशी दिवसा उजेडाची गरज, तशी रात्री अंधाराची. अंधार पडू लागला, की आपल्या मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार करते. 'आता झोपायची वेळ झाली' असा निरोप ते शरीराला देते. डोळ्यांपुढे झगझगीत पडदा असला, की हा निरोप उशिरा पोहोचतो. तुमच्या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. ती अपुरी पडली, की सकाळी पहिल्याच तासाला पेंग येते आणि शिकवलेले ध्यानात राहत नाही.

मग काय करावे? मोबाइल निदान दीड वीत दूर धरावा. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडची वस्तू २० सेकंद पाहावी. रोज मैदानावर खेळावे. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद ठेवावा आणि मोबाइल उशाशी ठेवू नये. फळा पुसट दिसत असेल, तर ते लपवू नये. गुरुजींना आणि घरी सांगावे. धाकटे भावंड रडू लागले, म्हणून त्याच्या हाती मोबाइल देऊ नये. दोन वर्षांखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये, असा सल्ला भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिला आहे.

आता पुन्हा वडगावकडे वळू या. भोंग्याची कल्पना ऐकून काही लोक आरंभी हसले. मग अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि त्यांनी लोकांना समजावले. त्या भोंग्याचे खरे बळ त्याच्या आवाजात नव्हते. नियम सर्वांना सारखा होता, हे त्याचे बळ होते. अब्बांच्या हातात मोबाइल असेल, तर 'तू तो ठेव' हे सांगणे मुलाला पटत नाही. सगळ्यांचे मोबाइल एकदम खाली ठेवले गेले, की कोणालाच एकटे वाटत नाही.

तुमच्या मोहल्ल्यात भोंगा नसेल. पण घरात घड्याळ आहे. कोणी मगरिबनंतरचा एक तास ठरवील, कोणी जेवणाची वेळ. आज अम्मी-अब्बांशी बोला आणि तुमच्या घरचा भोंगा कधी वाजवायचा, ते सर्वांनी मिळून ठरवा.

शब्दार्थ
भोंगा – दूरवर ऐकू जाणारा मोठा आवाज करणारे यंत्र
वीत – ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
टक लावून पाहणे – पापणी न हलवता पाहणे
पुसट – अस्पष्ट
पेंग – बसल्या बसल्या येणारी झोप

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वडगावात भोंगा किती वाजता वाजत असे?
(आ) पापणी डोळ्यावर काय पसरवते?
२. कारणे लिहा.
(अ) पडद्याकडे टक लावून पाहिल्यास डोळे चुरचुरतात.
(आ) रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्यास झोप लवकर येत नाही.
३. 'भोंग्याचे खरे बळ त्याच्या आवाजात नव्हते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.