दोन्ही इलेक्ट्रिक, तरी हाताला वेगळी

प्रश्न : रोह्यात आमची वॅगनआर आहे. पेणच्या मामांनी नुकतीच मोठी एसयूव्ही घेतली. दोन्हींना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, पण हाताला दोन्ही अगदी वेगळी लागतात. असं का? आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली तर ती मोटर बिघडते का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : मूळ युक्ती दोन्हीकडे एकच. स्टिअरिंगच्या दांड्यात पीळ घेणारी एक बारीक सळई असते. तुम्ही चाक फिरवलंत की तिला किती पीळ बसला ते सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं मोटर जोर लावते. ही मोटर बसवायची कुठे, इथे वाटा फुटतात.

वॅगनआरसारख्या हलक्या गाडीत ती कॉलमवर, डॅशबोर्डच्या आत असते. १९८८ साली सुझुकीनं जपानमध्ये सर्वो या साडेपाचशे सीसीच्या चिमुकल्या गाडीत हीच मांडणी आणली. स्वस्त, सुटसुटीत आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. अडचण एकच: मोटरचा सगळा जोर मधल्या शाफ्टमधून आणि पिनियनच्या दात्यांवरून खाली, चाकं वळवणाऱ्या रॅककडे जातो. पुढच्या चाकांवर वजन वाढलं की या भागांना तो झेपत नाही. म्हणून जड गाड्यांत बहुधा मोटर खाली, पिनियनवर किंवा थेट रॅकवर बसवतात.

तरी हाताला जाणवणारा फरक बराचसा सॉफ्टवेअरचा. कोणत्या वेगाला किती मदत द्यायची, ते कंपनी ठरवते. गणपतीच्या दिवसांत पेणच्या बाजारात मूर्तींच्या टेम्पोंमधून गाडी काढताना भरपूर मदत हवी. वडखळ ओलांडून हायवेला वेग घेतला की ती कमी व्हायला हवी, नाहीतर गाडी उगाच हलते. हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं. शोरूमच्या दारात एका बोटानं फिरणाऱ्या स्टिअरिंगला भुलणारे पुष्कळ भेटतात. माझं ऐकाल तर पुढची गाडी घेताना भिसे खिंडीतली वळणं घेऊन बघा.

आता पाणी. कॉलमवरची मोटर केबिनमध्ये असते. पाणी तिथवर चढलं तर स्टिअरिंगआधी इंजिनाची काळजी करा. रॅकवरची मोटर खाली असते. ती सीलबंद असते खरी, पण सील गेलं किंवा रॅकचा रबरी बूट फाटला की पाणी आणि चिखल आत शिरतो आणि अनेकदा अख्खा रॅकच बदलावा लागतो. तेव्हा पावसाळा संपला की मामांना गाडी लिफ्टवर चढवून बूट तपासून घ्यायला सांगा. नागोठण्यात अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं असेल, तर दोघांनीही गाड्या अलीकडेच थांबवा.

चालत्या गाडीत मोटर बंद पडलीच, तर घाबरू नका. चाकांशी दांड्याचा जोड कायम असतो. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी बाजूला घ्या आणि गॅरेजमध्ये आधी बॅटरी तपासायला सांगा. व्होल्टेज पडल्यानंही स्टिअरिंगचा दिवा लागतो.