बिशप जॉर्डन

देवगिरीचा किल्ला आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तेथील यादवांचें राज्य इ. स. १३१८ मध्यें हरपाळदेवाच्या वधाबरोबर कायमचें लयास गेलें. पुढें दोनच वर्षांनीं दिल्लीचें तख्तहि खिलजी घराण्याच्या हातून जाऊन तुघलकांकडे आलें. अशा धामधुमीच्या काळीं, १३२१ सालीं, फ्रान्स देशांतील जॉर्डन नांवाचे एक डोमिनिकन संन्यासी ठाणें बंदरीं उतरले. त्यांच्यासमवेत चार फ्रान्सिस्कन बंधु होते.

जॉर्डन भडोचकडे जाण्यास निघाले असतां मागें अनर्थ ओढवला. ते चौघे ज्या घरीं उतरले होते, तेथील कौटुंबिक कलह काजीपुढें गेला. साक्षीस बोलावलेल्या या परक्या साधूंस धर्माविषयीं प्रश्न विचारण्यांत आले. त्यांच्या उत्तरांनीं क्षोभ झाला आणि अखेर चौघांचाहि वध झाला. ही वार्ता कानीं पडतांच जॉर्डन परत फिरले. जिनोआ शहरच्या एका तरुणाच्या साह्यानें त्यांनीं आपल्या सोबत्यांचे देह सोपारा येथें नेऊन पुरले. जीव वांचवून स्वदेशीं निघून जाणें त्यांना शक्य होतें. पण ते येथेंच राहिले. चांचांनीं आपणांस पकडलें, कैद भोगावी लागली, अंगावर केवळ एक सदरा उरला, असें त्यांनीं ठाण्याहून लिहिलेल्या पत्रांत म्हटलें आहे. त्या पत्राच्या वेळीं त्यांना एकटे राहून अडीच वर्षें झालीं होतीं.

पुढें ते युरोपांत परतले. १३२९ सालीं पोप बाविसावे योहान यांनीं त्यांना केरळांतील कोल्लमचे बिशप नेमलें. हिंदुस्थानांतील लॅटिन पंथाचा तो पहिलाच धर्मप्रांत होय.

परंतु मला त्यांची थोरवी निराळ्याच ठिकाणीं दिसते. त्यांनीं पूर्वेकडील देशांतील नवलांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत आपले आंबे, फणस व नारळ यांचें कौतुक आहेच. शिवाय येथील लोक स्वच्छ, सत्यवचनी व न्यायप्रिय आहेत, असेंहि लिहिलें आहे. ज्या भूमींत आपले चार सोबती मारले गेले, तेथील लोकांविषयीं हे शब्द! कांहीं थोड्यांच्या अपराधाचा दोष त्यांनीं सर्वांच्या माथीं मारला नाहीं.

बालमित्रहो, शाळेंत एखाद्यानें आपणांस दुखविलें, तर त्याच्या गांवास व जातीस नांवें ठेवण्याचा मोह आपणांस होतो. त्या क्षणीं सोपाऱ्यास सोबत्यांना मूठमाती देणाऱ्या या एकाकी संन्याशाचें स्मरण करावें.