दोर खेचण्यापूर्वी : घळ उतरण्याच्या विद्येचा परिचय

डोंगर चढण्याविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. डोंगराच्या पोटातून, पाण्याने कोरलेल्या वाटेने खाली उतरण्याविषयी मात्र फारसे वाचनात येत नाही. अरुंद घळीतून चालत, पोहत आणि दोराच्या आधाराने कडे उतरत तळ गाठायचा, या प्रकाराला कॅन्यनिंग असे नाव आहे. आपण त्याला सोयीसाठी ‘घळ उतरणे’ म्हणू.

झरी जामणीच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील. आपला तालुका पैनगंगेच्या काठचा. येथे ना सह्याद्रीचे कडे, ना खोल घळी. परंतु नाला आपल्याकडेही आहे, पूर आपल्याकडेही येतो, आणि रपट्यावरून पाणी वाहत असताना ‘जाऊ की थांबू’ हा प्रश्न आपल्या घरच्या माणसांपुढे दर पावसाळ्यात उभा राहतो. घळ उतरण्याची विद्या ही मुळात याच प्रश्नाची विद्या आहे. गेल्या ऑक्टोबरअखेर भूगोलाच्या विद्यार्थ्यांसह सांदण दरीस गेलो, तेव्हा ही गोष्ट मला उमगली. आणि उमगली ती थोडी उशिरा, हेही सांगितले पाहिजे.

या विद्येचा उगम

घळींचा शास्त्रीय हेतूने शोध घेण्याची परंपरा फ्रान्समध्ये रुजली. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा गुहांचा अभ्यासक १९०५ साली व्हर्दाँ नदीच्या प्रचंड घळीतून पार गेला. त्याच्या सोबत्यांमध्ये इझिदोर ब्लाँ नावाचा, त्याच भागातल्या रूगों गावचा शाळामास्तर होता. आज त्या घळीतील पायवाट ‘ब्लाँ-मार्तेल वाट’ म्हणून ओळखली जाते. पाहुण्या पंडिताच्या नावाशेजारी स्थानिक शिक्षकाचे नाव उभे राहिले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. घळीचे ज्ञान पुस्तकात थोडे आणि तिच्या काठी राहणाऱ्या माणसात अधिक असते.

सांदण दरी आणि आपला दगड

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात साम्रद नावाचे गाव आहे. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने इगतपुरी, तेथून घोटी आणि भंडारदऱ्यावरून साम्रद, असा आमचा प्रवास झाला. गावाच्या पश्चिमेस थोडे चालले की सपाट माळावरची जमीन एकाएकी फाटते, हीच सांदण. लांबी सुमारे दोन किलोमीटर, खोली काही ठिकाणी दोनशे फुटांहून अधिक, आणि रुंदी कोठे कोठे इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. पाठीशी रतनगड, समोर आजोबाचा डोंगर. ही दरी पश्चिमेकडे कोकणात, शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूस उतरते. तोंडापासून थोड्याच अंतरावर पाण्याचे कुंड लागते. पुढे मोठाले धोंडे, आणि त्यापुढे दोराशिवाय उतरता न येणारे कातळटप्पे.

येथला दगड बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्री ही त्याची पश्चिमेकडील उंच कड, तर आपला भाग त्याच्या पूर्वेकडील कडेजवळचा. म्हणूनच आपल्याकडे एकीकडे काळा बेसाल्ट दिसतो, तर मुकुटबनच्या परिसरात त्याहून कितीतरी जुना चुनखडक. आपल्याच तालुक्यात शिबला-पारडी भागात बेसाल्टचे षट्कोनी खांब आढळल्याच्या बातम्या २०२१ साली आल्या होत्या. लाव्हारस निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडा नियमित गेला की असे खांब घडतात. सांदणच्या भिंतीतील भेगा पाहून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हा तर आपल्याच दगडाचा भाऊ.” त्याचे म्हणणे खरे होते. दगडातील भेगांत पाणी शिरते, भेग रुंदावते, धोंडे निखळतात आणि तीव्र उतारावरचे पाणी ते वाहून नेते. हा क्रम लक्षावधी वर्षे चालला की घळ तयार होते. घळ ही पाण्याची वाट आहे, आपण तिच्यातले पाहुणे, ही पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

दोराची विद्या

घळ उतरताना दोर हाताने धरून लोंबकळायचे नसते. कमरेला आणि मांड्यांना हार्नेस नावाचा पट्ट्यांचा साज बांधतात. त्यास कॅराबिनर या कुलुपबंद कडीने डिसेंडर जोडलेला असतो. डिसेंडर म्हणजे साधारणतः आठच्या इंग्रजी आकड्यासारखा धातूचा तुकडा. त्यातून दोर वळवून घेतला की घर्षण निर्माण होते. खालच्या हाताने दोर ताणला की घर्षण वाढते व माणूस थांबतो. सैल सोडला की माणूस खाली सरकतो. म्हणजे उतरणाऱ्याचे वजन मुख्यतः पेलते ते घर्षण, हाताचे बळ नव्हे. म्हणूनच किरकोळ अंगाची मुलगीही पन्नास फुटांचा कडा सुखरूप उतरू शकते. खालचा हात मात्र कोणत्याही कारणाने सोडायचा नाही. पाय खांद्याइतके फाकवून, कड्याकडे तोंड करून, खुर्चीत बसावे तसे मागे रेलायचे. नवख्याला भीतीने कड्याला चिकटावेसे वाटते, आणि नेमका तेव्हाच त्याचा पाय घसरतो.

मोकळी वेणी, ओढणी, सैल सदरा या वस्तू डिसेंडरमध्ये अडकतात व माणूस अधांतरी लटकतो. म्हणून त्या आधीच आवरून बांधाव्यात. दोर ज्याला बांधला आहे तो आधार एकच नसावा. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन असावेत, म्हणजे एक निखळला तरी दुसरा वजन घेतो.

कोरडा कडा आणि पाण्याचा कडा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कोरड्या कड्यावर दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारतात, कारण दोर कमी पडला तर माणूस टोकावरून निसटू नये. धबधब्याखालच्या डोहात उतरताना ही गाठच घातक ठरू शकते. माणूस पाण्यात पोहोचतो, गाठ डिसेंडरमध्ये अडकते, आणि वरून पाणी कोसळतच राहते. म्हणून तेथे दोराची लांबी पाण्यापर्यंत बेताने मोजून ठेवतात व टोक मोकळे सोडतात. एका ठिकाणी जीव वाचवणारा नियम दुसऱ्या ठिकाणी जीव घेऊ शकतो. मार्गदर्शक लागतो तो याचसाठी.

शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी. दोर कड्यावरील कडीतून दुहेरी ओवलेला असतो. सर्वजण उतरले की खालून एक टोक ओढून तो काढून घेतात, कारण पुढच्या कड्यासाठी तोच दोर लागतो. दोर खेचला की मागची वाट संपते. मग पुढे जाणे एवढेच उरते.

पाण्याचे गणित

एक चौरस किलोमीटर माळावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक कोटी लिटर होते. काळी माती आणि शेत त्यातील बरेच शोषून घेते. उघडा कातळ फारच थोडे. कातळावरचे पाणी उतारावरून चोहोबाजूंनी एका अरुंद फटीकडे धावते. माळावर घोटाभर असलेले पाणी घळीत पुरुषभर होऊ शकते. शिवाय वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर पाणी माणसाला पाडते, त्याचे कारण हे. आणि घळीच्या तळाशी उभे असताना वरच्या आभाळाची एक चिंधी तेवढी दिसते; पाऊस दोन कोसांवर पडत असला तरी पत्ता लागत नाही.

आमचा दिवस

सकाळी आठ वाजता आम्ही दरीच्या तोंडाशी होतो. आमचा मार्गदर्शक साम्रदचाच, तिशीतला तरुण. त्याने प्रत्येकाचा हार्नेस स्वतः ओढून पाहिला, शिट्टीच्या खुणा शिकविल्या. पहिले कुंड आम्ही कमरेभर पाण्यातून ओलांडले. पाणी इतके गार की मुलांचे दात वाजू लागले. पहिल्या कातळटप्प्यापाशी पोहोचलो, तेव्हा दहा वाजले असतील. मार्गदर्शक आमच्यापासून थोडा दूर गेला, एका धोंड्यावर चढून त्याने रतनगडाच्या बाजूस बराच वेळ पाहिले, आणि परत येऊन म्हणाला, “सर, आज खाली नको. मागं फिरू.”

आभाळात मला एक करडा ढग दिसत होता, एवढेच. मी वाद घातला, हे येथे कबूल करतो. आम्ही राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलो होतो. मुलांनी सोयाबीन-कापसाच्या हंगामात मजुरी करून पैसे साठविले होते. पुन्हा येणे होणार नव्हते. मी हे सारे त्याला सुनावले, आणि “पैसे तर पूर्ण घेतलेत ना?” हेही बोललो. तो काही बोलला नाही.

तेव्हा एका पोडावरून आमच्या महाविद्यालयात येणारी एक कोलाम विद्यार्थिनी पुढे झाली. तिने त्याला शांतपणे विचारले, “दादा, वर पाऊस आला तर पाणी इथवर याले किती वेळ लागते?”

“बिडी संपायच्या आत येतं, ताई.”

“अन् आपल्याले मागं तोंडापाशी जायाले?”

“एवढ्या जणांना तासभर.”

तिने माझ्याकडे पाहिले. ती पुढे म्हणाली, “सर, आमच्या नाल्यात पूर येतानी पयले पाणी गढूळ होते, काड्या-पाला वाहत येते. तेवढ्यात गुरं काढता येते, कारण काठ जवळ असते. इथं काठच नाही.”

भूगोलाचा प्राध्यापक मी. बिडी आणि तास यांची ती वजाबाकी मला करता आली नव्हती. आम्ही मागे फिरलो. दुपारी गावाजवळच्या एका मोकळ्या कड्यावर मार्गदर्शकाने दोर लावले आणि सर्वांना दोन-दोन वेळा उतरविले. संध्याकाळी मी त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “सर, दरी कुठं जाती का?”

त्या दिवशी पाऊस पडला नाही. करडा ढग दुपारी विरून गेला. परतीच्या गाडीत काही मुले म्हणाली, “उगाच फिरलो मागे.” त्यांच्यासाठीच पुढचा भाग लिहीत आहे.

न पडलेला पाऊस

निर्णय बरोबर होता की नाही, हे पाऊस पडला की नाही यावरून ठरत नाही. निर्णयाच्या क्षणी काय ठाऊक होते, आणि चूक झाली असती तर ती सुधारता आली असती का, यावरून ते ठरते. दहा वेळा मागे फिरावे आणि दहाही वेळा आभाळ कोरडे राहावे, तरी ते दहाही निर्णय योग्य असू शकतात.

याचे दुःखद प्रमाण स्वित्झर्लंडमध्ये आहे. २७ जुलै १९९९ रोजी इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटबाख या ओढ्याच्या घळीत मार्गदर्शकांसह पर्यटकांचे गट उतरले होते. वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा घळीतून आला. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत १८ पर्यटक आणि ३ मार्गदर्शक होते. २००१ साली न्यायालयाने सहल चालविणाऱ्या कंपनीतील सहा जबाबदार व्यक्तींना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. पुढे २०१४ पासून त्या देशात अशा साहसी सहलींसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. साधने, दोर, प्रशिक्षित माणसे असूनही जे घडले, ते मागे फिरण्याचा निर्णय न झाल्याने घडले.

आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्यासोबत वाहून गेले. त्यांच्याजवळ दोर नव्हता, मार्गदर्शक नव्हता. पाणी वाढत गेले आणि काठ दूर राहिला. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा सहली नेणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. तरीही नोंदणीचा कागद ढगाकडे पाहत नाही. तेथे माणूसच लागतो.

विद्यार्थ्यांसाठी

उद्या तुमच्यापैकी कोणी अशा सहलीस गेला, तर निघण्यापूर्वी मार्गदर्शकास पाच प्रश्न विचारावेत. संस्थेची नोंदणी आहे काय? एका मार्गदर्शकामागे किती माणसे? वरच्या भागातील हवामान आज सकाळी पाहिले काय? दोर खेचल्यावर मधून बाहेर पडण्याची वाट कोठे कोठे आहे? आणि, तुम्ही शेवटचे मागे केव्हा फिरला होता? या पाचव्या प्रश्नावर जो अभिमानाने ‘कधीच नाही’ म्हणेल, त्याच्यासोबत जाऊ नये. आपण मार्गदर्शकास पैसे देतो ते केवळ खाली नेण्याचे नव्हेत. ‘आज नको’ म्हणण्याचेही ते मोल असते.

आणि सांदणला जाणे न झाले तरी हा धडा वाया जात नाही. पुढच्या पावसाळ्यात एस.टी. रपट्यापाशी थांबेल, पलीकडे घर दिसत असेल, कोणी म्हणेल, “अहो, गुडघाभरच तर आहे.” त्या वेळी त्या मुलीची वजाबाकी करून पाहा. पाणी यायला किती वेळ, आणि आपल्याला काठ गाठायला किती? उत्तर उलटे येत असेल, तर काठावर बसून राहण्यात कसलाही कमीपणा नाही. पूर ओसरतो, घर तेथेच असते.