पिल्लांबरोबर पेंडही द्या : कोंबडीच्या खाद्यातील प्रथिनांचा अभ्यास

वाचन : नीतिसूत्रे 27:23-27, याकोब 2:14-17



एखाद्या गरीब आदिवासी कुटुंबाला मदत करायची म्हटली की कोंबडीची पिल्ले देण्याची कल्पना आपल्या मंडळ्यांत सर्वांनाच पटते. खर्च बेताचा, जागा थोडी, सांभाळ घरच्या बाईच्या हाती, आणि अंडे लेकरांच्या मुखी. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील कातकरी व महादेव कोळी वाड्यांसाठी ही मदत योग्यच आहे.

पण पिल्ले देऊन आपण परत आलो की पुढे काय होते? काही पिल्ले घार आणि मुंगूस नेतात, काही राणीखेत रोगाने जातात. जी उरतात त्यांतली बरीच खुरटी राहतात आणि अंड्यावर उशिरा येतात. मग कोणीतरी म्हणतो, "त्या लोकांना सांभाळता येत नाही." हा निवाडा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. कोंबडीला दाणा मिळतो, पण प्रथिन मिळत नाही, हे खरे कारण पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून या अंकात कोंबडीच्या खाद्यातील प्रथिनांचा, म्हणजे मुख्यतः पेंडींचा आणि मासळीच्या कुटाचा, अभ्यास करू.

1. दाण्याने पोट भरते, अंग भरत नाही

भोर-वेल्ह्याचा पश्चिम भाग भाताचा आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरीचा. तेव्हा कोंबडीपुढे पडते ती तांदळाची कणी, नाचणी, भाताचा कोंडा आणि उरलेली भाकरी. कणीत प्रथिने सुमारे 8 टक्के, नाचणीत 7 टक्क्यांच्या आसपास, मक्यात 9 टक्के. वाढत्या पिल्लाला मात्र पहिल्या आठ आठवड्यांत सुमारे 20 टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते, आणि अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के. नुसत्या धान्यावर पिल्लाची गरज निम्मीसुद्धा भागत नाही.

एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिन असते. ते कोंबडीच्या अंगात आपोआप तयार होत नाही, ते तिने खाल्लेल्या अन्नातूनच यावे लागते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गांडुळे आणि वाळवी टिपून ही उणीव काही अंशी भरून काढते. वारूळ फोडून पिल्लांना वाळवी घालणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे चांगले ठाऊक होते. पण दोन-तीन कोंबड्यांना पुरणारे अंगण दहा-पंधरांना पुरत नाही. आपण पिल्लांची संख्या वाढवतो, पण किड्यांची वाढवत नाही.

2. टक्के सारखे, प्रथिने निराळी

प्रथिन ही एकच वस्तू नाही. ते अमिनो आम्ल नावाच्या सुमारे वीस घटकांचे बनते. त्यांतले काही कोंबडीला स्वतः तयार करता येत नाहीत, ते खाद्यातूनच मिळावे लागतात. लायसिन आणि मेथिओनिन हे दोन सर्वांत आधी कमी पडतात.

कारवीच्या काठ्यांचा कूड बांधताना काठ्या शंभर आणल्या, पण बांधायला वेल दहाच असले, तर कूड किती उभा राहील? वेल पुरतील तेवढाच. लायसिन आणि मेथिओनिन हे ते वेल आहेत. ते संपले की बाकीचे प्रथिन वाया जाते. म्हणून दोन पेंडींवर "45 टक्के" असे लिहिले असले, तरी कोंबडीच्या लेखी त्या सारख्या नसतात.

3. पेंडी एकेक करून

*सोयाबीन पेंड.* तेल काढलेल्या पेंडीत (व्यापारी तिला डीओसी म्हणतात) 44 ते 48 टक्के प्रथिने असतात. किलोमागे लायसिन 27-28 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरपूर. मेथिओनिन तेवढे नाही. आज देशातील कोंबडी खाद्याचा मुख्य आधार हीच पेंड आहे. मात्र घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यात पचनाला अडवणारा घटक असतो, आणि तो नीट भाजल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. कारखान्यातील पेंड उष्णतेतून गेलेली असते, म्हणून ती चालते.

*शेंगदाणा पेंड.* प्रथिने 40 ते 45 टक्के. कोंबड्या आवडीने खातात, पण लायसिन सोयाबीन पेंडीच्या जवळजवळ निम्मे, आणि मेथिओनिनही कमी. तिचा खरा धोका बुरशीचा आहे. तो पुढे पाहू.

*तीळ पेंड.* हिच्यात लायसिन थोडे, पण मेथिओनिन सोयाबीन पेंडीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून या दोघींची जोडी चांगली जमते. एकीचे उणे दुसरी भरून काढते.

*सूर्यफूल, करडई आणि कारळा (खुरासणी) पेंड.* टरफलासकट गाळलेल्या पेंडीत चोथा फार. मोठ्या कोंबडीला थोडी चालते, पिल्लांना नाही. कारळा आपल्या डोंगरउतारांवर पिकतो. घाण्यावरून त्याची ताजी पेंड मिळाली तर मिश्रणात थोडी घ्यावी.

*सरकी पेंड.* गाईम्हशींसाठी उत्तम, म्हणून ती घरोघरी सापडते. कोंबडीला मात्र देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉल या घटकामुळे वाढ खुंटते, आणि साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-काळपट पडतो. असे अंडे बाजारात कोण घेईल?

*एरंडी आणि करंज पेंड.* ही शेतासाठी खत आहे. एरंडी पेंड कोंबडीला विषारी आहे. खताची पोती आणि खाद्याची पोती एका खोपटात ठेवूच नयेत.

*मासळीचा कुट.* चांगल्या सुक्या मासळीत 45 ते 60 टक्के प्रथिने असतात, आणि लायसिन व मेथिओनिन दोन्ही भरपूर. कोंडा-कणीवर वाढणाऱ्या पिल्लाला थोडासा कुटही मोठा आधार देतो. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत या धरणांच्या पाण्यावर मासे धरणारी कातकरी कुटुंबे आहेत. बाजारात न खपणारी बारीक मासळी आणि डोकी उकडून, कडक उन्हात वाळवून कुटली तर हा घटक जवळजवळ फुकट मिळतो. विकतची सुकट घेताना मीठ आणि वाळू पाहावी. जास्त मिठाने पिल्ले हगवणीने मरतात. कुटाचे प्रमाण शेकडा 5 च्या आसपास ठेवावे. फार झाला तर अंड्याला वास येतो.

4. पावसाळा आणि बुरशी

हा भाग सर्वांत लक्ष देऊन वाचावा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. आधी रोगाचे नावही कोणाला सांगता येईना. शोधाअंती कारण सापडले ते खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. पेंडीवर वाढलेल्या एका बुरशीने विष तयार केले होते. त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले.

हे विष केवळ पक्ष्यांचे नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने लोकांना काविळीसारखा यकृताचा आजार झाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या घरात खायला दुसरे धान्य नव्हते.

वेल्ह्याचा आणि भोरच्या घाटमाथ्याचा पाऊस आपल्याला माहीत आहे. आषाढ-श्रावणात चूलसुद्धा ओली होते. तिथे जूनमध्ये चार महिन्यांच्या पेंडीची पोती उतरवून देणे म्हणजे मदतीच्या नावाने बुरशी पोचवणे होय. शिजवल्याने किंवा भाजल्याने हे विष नाहीसे होत नाही. म्हणून काही नियम पाळावेत :

- पावसाळ्यात तीन-चार आठवडे पुरेल एवढीच पेंड आणावी.
- पोते जमिनीवर वा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर किंवा माच्यावर ठेवावे.
- गाठी झालेली, कुबट वासाची, हिरवी-काळी झाक आलेली पेंड कोणालाही घालू नये, माणसांनी तर मुळीच खाऊ नये. पुरून टाकावी.
- पावसाळ्यात शेंगदाणा पेंड टाळून सोयाबीन पेंड वापरणे अधिक सुरक्षित. तीही कोरडीच हवी.

5. पिशवीवरचा आकडा

पेंडीतील प्रथिन मोजण्याची नेहमीची पद्धत अशी, की तिच्यातील नत्र मोजायचे आणि त्याला 6.25 ने गुणायचे. लबाडीला वाट मिळते ती इथेच. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणून एक किलो युरिया तपासणीत जवळजवळ तीन किलो प्रथिनासारखा दिसतो. गाय तिच्या पोटातील जंतूंच्या साहाय्याने थोडा युरिया वापरू शकते, कोंबडीला तो काहीच उपयोगाचा नाही. 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळले गेले, तेही याच हिशेबाने, आणि त्याने लेकरांचे बळी गेले.

नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी जे सांगितले आहे ते पेंडीच्या पोत्यालाही लागू पडते. फार स्वस्त मासळीचा कुट वा पेंड दिसली तर सावध व्हावे. चिमूटभर जिभेवर ठेवून लगेच थुंकावी, खारटपणा कळतो. पेलाभर पाण्यात ढवळावी, वाळू तळाशी बसते. ओळखीच्या दुकानातून पावतीसह घ्यावी.

6. दहा किलोचे मिश्रण

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी घरी करता येईल असे एक मिश्रण पुढे दिले आहे :

- मक्याची भरड 5 किलो (प्रथिन सुमारे 450 ग्रॅम)
- भाताचा बारीक, ताजा कोंडा 2 किलो (240 ग्रॅम)
- सोयाबीन पेंड दीड किलो (675 ग्रॅम)
- शेंगदाणा किंवा तीळ पेंड अर्धा किलो (सुमारे 200 ग्रॅम)
- मासळीचा कुट अर्धा किलो (225 ग्रॅम)
- शिंपल्यांचा चुरा अर्धा किलो

एकूण प्रथिन सुमारे 1,800 ग्रॅम, म्हणजे 18 टक्के. कोंडा म्हणजे तूस नव्हे. तुसात पोषण नसते. सुकट खारी असल्यास वरून मीठ घालू नये. पिल्लांसाठी शिंपल्यांचा चुरा काढून त्याजागी आणखी अर्धा किलो सोयाबीन पेंड घातली की प्रथिन 20 टक्क्यांवर जाते. जास्त चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो, म्हणून हा बदल विसरू नये.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रोज सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे मूठभर, मिश्रण पुरते. बाकीचे ती टिपून खाते, हिरवा पालाही तिथेच मिळतो. या हिशेबाने दहा कोंबड्यांना दहा किलो मिश्रण 25 दिवस जाते. सगळ्यांना देणे परवडत नसेल तर आधी आठ आठवड्यांखालील पिल्लांना, मग अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यावे. कोंबड्याला आणि खुडूक कोंबडीला कणीवर ठेवले तरी चालते.

7. आपल्यासाठी बोध

कातकरी कुटुंबे बहुधा दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या कोंबडीपालनाचे वर्ष या ये-जा करण्यावर बसवावे लागते. नाताळात दिलेली पिल्ले बंद झोपडीच्या दारात पोचतात. पावसाच्या सुरुवातीला दिलेले महिन्याचे, लस टोचलेले, सुधारित जातीचे पिल्लू नीट वाढले तर पाच-सहा महिन्यांचे होताच अंड्यावर येते. म्हणजे कुटुंब निघायच्या आत लेकरांना अंडी मिळतात, आणि चार कोंबड्या विकून उचल थोडी कमी घ्यावी लागते. तेच पिल्लू प्रथिनावाचून दोन महिने मागे पडले, तर अंड्यावर येण्याआधीच ते कवडीमोलाने विकावे लागते. खाद्यातील दोन किलो पेंडीचा फरक उचलीच्या कर्जापर्यंत जाऊन पोचतो, तो असा.

याकोबाने अशा विश्वासाविषयी लिहिले आहे, जो उपाशी माणसाला आशीर्वादाचे शब्द देतो पण शरीराला लागणारी वस्तू देत नाही. नुसती पिल्ले देऊन फोटो काढणे हे त्याच्या फार जवळ जाते. तेव्हा आपल्या मंडळीने दहा पिल्लांसाठी रक्कम काढली असेल, तर सात पिल्ले द्यावीत आणि उरलेल्या पैशांतून पहिल्या दोन महिन्यांचे खाद्य व राणीखेतची लस द्यावी. देणगीच्या यादीत "पिल्ले" या शब्दाशेजारी "पेंड" हा शब्द लिहिला जावा, एवढीच या अभ्यासाची विनंती आहे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. नीतिसूत्रे 27:23 मध्ये कळपाची स्थिती जाणून घेण्यास सांगितले आहे. आपण दिलेल्या मदतीची स्थिती सहा महिन्यांनी कोण पाहतो?
2. "त्यांना सांभाळता येत नाही" असे म्हणण्याआधी आपण कोणत्या गोष्टी विचारायला हव्यात?
3. आपल्या मंडळीतील शेतकरी, दुकानदार वा पशुवैद्यक सभासद या कामात काय देऊ शकतील?

प्रार्थनेचे विषय

- भोर व वेल्ह्याच्या वाड्यांवरील माता आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी.
- भट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या सुखरूप परतीसाठी.
- पावसाळ्यात डोंगरवाटांनी वाड्यांवर जाणाऱ्या सेवकांसाठी.