जुनेर : जुन्या कपड्यांना घरच्या घरी नवे रूप

मराठी भाषेत जुन्या कापडाला किती नावे आहेत ती एकदा मोजून पाहावीत. वापरून मऊ झालेले लुगडे ते जुनेर. ते मधोमध विरले की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला म्हणायचे दंड घालणे. भोकावर लावलेला तुकडा म्हणजे ठिगळ. जुन्या वस्त्रांचे थर एकत्र शिवले की गोधडी किंवा वाकळ. घागरीखाली डोक्यावर ठेवायला पिळून गोल केलेले फडके ती चुंबळ, जमीन सारवायचे ते पोतेरे, आणि ज्याचे आता काहीच होणार नाही ती चिंधी. सुती चिंधीचीही वात किंवा काकडा होई तो निराळाच. हे नुसते शब्दांचे वैभव समजू नये. या एकाखाली एक पायऱ्या आहेत आणि कापडात किती जीव उरला आहे, याचा अंदाज प्रत्येक पायरीत बांधलेला आहे. जुना कपडा पालटायला बसणाऱ्याने आधी हा अंदाज शिकावा, कात्री मागाहून उचलावी, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

दंडाचेच उदाहरण घेऊ. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याची जागा आणि कासोट्याचा भाग आधी विरतो, पदर आणि निऱ्यांकडची बाजू मात्र धड राहते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे ओळखले होते. त्यांनी विरलेला पट्टा काढून टाकला, धड भाग एकमेकांना जोडले, कधी दोन जुनेरांचे चांगले भाग एकत्र करून एक लुगडे केले, आणि दंड निऱ्यांत किंवा कासोट्यात लपेल असे नेसल्या. याला शिवणाचे विशेष कौशल्य लागत नाही. कापड कोठे थकले आहे हे पाहण्याची नजर मात्र लागते.

घरातले सगळेच जुने कापड घरात जिरत नसे. उरलेले बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन येणारी, कपडे उजेडाला धरून पाहणारी आणि एका पातेल्यासाठी आणखी एक धोतर मागणारी ही स्त्री मुंबईच्या चाळींनी चांगली ओळखली होती. या व्यवसायातल्या बहुतेक स्त्रिया गुजरातेतील वाघरी, म्हणजेच आजच्या देवीपूजक समाजाच्या. लूसी नॉरिस या अभ्यासिकेने दिल्लीतील याच व्यापारावर २०१० साली इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घासाघीस करून घेतलेला कपडा पुढे निवडला, धुतला, दुरुस्त केला जातो आणि पुन्हा विक्रीला येतो. स्वस्त म्हणून आपण घेतो त्या वापरलेल्या शर्टामागे अशा कितीतरी हातांचे श्रम असतात.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. दुसऱ्याचे उतरलेले कपडे का घालावेत? हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, त्यामागे कडू इतिहास आहे. गावगाड्यात ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले त्यांच्या वाट्याला इतरांची उतरलेली वस्त्रे, इतकेच काय, प्रेतावरचे कापडही येई. कोणी काय ल्यावे आणि कसे नेसावे यावरून माणसाची जागा ओळखली जावी, अशीच ती व्यवस्था होती. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी स्त्रियांशी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे जाड दागिने सोडा, स्वच्छ राहा, असा उपदेश केला. ज्यांच्यावर जुना कपडा लादला गेला त्यांना त्याचे गोडवे गाऊन सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण निवडून घेतलेला, आपल्या हाताने पालटलेला कपडा ही वेगळी गोष्ट आहे. यातून एक नियम मात्र निघतो. आपण स्वतः घालणार नाही तो फाटका, मळका कपडा घरकामाच्या मावशींच्या हाती उपकार म्हणून ठेवू नये. द्यायचाच तर धुऊन, बटणे लावून, हवा आहे का असे आधी विचारून द्यावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला १९८० च्या दशकापासून वसत गेलेले आपले शांती नगर म्हणजे लहान घरांची मोठी वसाहत. एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, कोकणी आणि हिंदी ऐकू येते, आणि बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर न घातलेल्या कपड्यांचे गाठोडे असते. शिवणयंत्र ठेवायला जागा सर्वांकडे नसते. म्हणून पुढील कृती सुई-दोरा, कात्री, मोजपट्टी, टाचण्या आणि खडू एवढ्यावर होतील अशाच निवडल्या आहेत.

कापडाची परीक्षा

कपडा विकत घेताना किंवा गाठोड्यातून काढताना प्रथम तो उजेडाला धरावा. जेथे विरला असेल तेथे उजेड जास्त येतो. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तेथे हलकेच ताण द्यावा. धागे सरकले किंवा चर्र असा आवाज आला तर तो भाग शिवण धरणार नाही. काखा, कॉलरची घडी, गुडघे आणि बसण्याची जागा अवश्य पाहावी. रंग जातो का हे पाहण्यास पांढरे ओले फडके आतल्या शिवणीवर चोळावे. त्यानंतर कपडा धुऊन, वाळवून, इस्त्री करावा आणि मगच मापे घ्यावीत. न धुता कापलेले सुती कापड पुढे आटले तर सारी मेहनत वाया जाते.

दुसरी परीक्षा धाग्याची. आतल्या शिवणीतून एक-दोन धागे काढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, पेटवावेत. सूत चटकन जळते, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम व लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर दोहोंची लक्षणे दिसतात.

ही परीक्षा का करायची? वर सांगितलेल्या साऱ्या पायऱ्या मुख्यतः सुती कापडाच्या आहेत. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा असतो. तो टिकतो पुष्कळ, पण पाणी नीट शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. त्याचे ना चांगले पोतेरे होते, ना तान्ह्या बाळाचे झबले, ना वात. तेव्हा सुती कपडा अंगासाठी व पुसण्यासाठी राखावा, पॉलिएस्टरच्या पिशव्या किंवा अभ्रे करावेत. चुलीजवळच्या कामाला तो मुळीच वापरू नये.

चार सोप्या कृती

लवकर होणाऱ्या कामाचे एक रहस्य आहे. शिंप्याने आधी केलेले जितके काम वाचवता येईल तितके वाचवावे. तयार काठ, तयार दुमड, तयार पट्टी यांना हात लावू नये.

१) ढगळ शर्ट किंवा कुर्ता बेताचा करणे. कपडा उलटा करून अंगात घालावा. कोणाला तरी दोन्ही कडांना सारख्या टाचण्या लावायला सांगावे. काढल्यावर टाचण्यांवरून खडूने एक सलग रेघ आखावी : बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत, तेथून वळून खालच्या कडेपर्यंत. त्या रेघेवर आधी कच्चा टाका घालावा आणि कपडा घालून, हात वर करून, खाली बसून पाहावे. ठीक वाटल्यास उलट टीप घालावी आणि मगच अर्धा इंच कापड सोडून बाकीचे कापावे.

२) झिजलेली कॉलर. कॉलर घडीवर झिजते, पण तिची खालची बाजू बहुधा धड असते. कॉलर आणि तिच्याखालची उभी पट्टी, दोन्हींच्या मध्यावर खूण करावी. दोहोंना जोडणारी शिवण तेवढीच उसवावी, कॉलर उलटवून त्याच फटीत घालावी, खुणा जुळवून कच्चा टाका घालावा आणि मग पक्की शिवण करावी. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर कॉलर काढूनच टाकावी आणि पट्टीची फट शिवून घ्यावी. उभ्या पट्टीचा शर्ट तयार होतो. हे काम तासाभरात होण्यासारखे आहे.

३) साडीचा परकर. साडीचा पन्हा साधारण ४४ ते ४६ इंच असतो, म्हणून काठ खाली ठेवला तर परकराची खालची कड आपोआप तयार मिळते. विरलेला भाग टाळून अडीच ते तीन मीटर लांबीचा धड तुकडा घ्यावा. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप घेऊन जास्तीचे कापड वरच्या बाजूला दुमडावे, त्यातच दीड इंचाचा नेफा करावा. उभी कड जोडताना वर चार इंच उघडे ठेवावे. नाडी ओवली की चुण्या आपोआप पडतात. उरलेल्या पदराची ओढणी होते.

४) पँटची पिशवी. गुडघे गेलेल्या पँटचे पोटरीकडचे कापड चांगले असते. खालच्या दुमडीपासून वर १५ इंचांवर पाय कापावा, उलटा करावा आणि कापलेली बाजू दुहेरी शिवणीने बंद करावी. मूळची दुमड हे पिशवीचे तोंड. पट्ट्यासाठी पँटचाच कंबरपट्टा सबंध कापून घ्यावा, तो मुळातच जाड व पक्का असतो. त्याची टोके तोंडाच्या दोन्ही कडांना आतून चौकोनी शिवणीने घट्ट बसवावीत. डबा आणि पाण्याची बाटली आरामात मावते.

उरलेल्या तुकड्यांचे काय?

चार कृती झाल्यावर तुकडे उरतातच. सुती तुकडे एका पिशवीत साठवावेत, ती गोधडीची सुरुवात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. त्यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या अंगावरून आलेला असतो आणि तो कोणाचा होता हे घरात ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले, तेव्हा तेथील सरकारला १९४३ मध्ये लोकांना डागडुजी शिकवणारी पुस्तिका छापावी लागली. आपल्याकडे ही विद्या पुस्तकाविना आईकडून मुलीकडे येत होती. मुलगे मात्र तिच्यापासून दूर राहिले, आणि हे नुकसान त्यांचेच झाले. आता मुलींच्याही हातून सुई सुटत चालली आहे.

विद्येचे असे आहे की ती एका पिढीत थांबली तर पुढच्या पिढीला शब्द तेवढे उरतात, हात उरत नाहीत. दंड, नेफा, धावदोरा हे शब्द कोशात सुरक्षित राहतील, पण कापड उजेडाला धरून ते किती दिवस टिकेल हे सांगणारी नजर कोशात ठेवता येत नाही. ज्यांना या सुट्टीत आरंभ करावयाचा असेल, मग ते विद्यार्थी असोत वा विद्यार्थिनी, त्यांनी पिशवीपासून करावा. ती बिघडली तरी फारसे नुकसान नाही, आणि साधली तर जूनमध्ये महाविद्यालयात घेऊन यावी.