कंबरेचें दुखणें व पोटांतला खोल स्नायू

कंबर दुखूं लागली म्हणजे मनुष्याचा हात आपोआप पाठीमागें जातो. तेथेंच तेल चोळतात, तेथेंच शेक देतात, आणि कित्येक गांवीं पायाळू माणसास बोलावून तेथेंच पाय लावून घेतात. परंतु या दुखण्याचें मूळ कधीं कधीं पाठीमागें नसून पुढल्या अंगास, पोटाच्या आंत खोल असतें, याची फार थोड्यांस कल्पना आहे. वाड्यावस्त्यांवर कोणी आजारी पडलें कीं ज्यांस पहिलें बोलावणें येतें, त्या आमच्या उपदेशक बंधूंनीं हा विषय नीट समजून घ्यावा अशी आमची इच्छा आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस आंतून एकेक लांबट स्नायू आहे. त्यास वैद्यकांत ‘सोअस’ म्हणतात. बरगडी असलेल्या शेवटच्या मणक्यापासून व त्याखालील कंबरेच्या पांचही मणक्यांपासून तो निघतो, ओटीपोटांतून खालीं उतरतो, जांघेपुढून जातो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या भागास आंतल्या बाजूनें चिकटतो. ज्यांनीं बोकड सोलतांना पाहिला आहे, त्यांनीं कण्याच्या आंतल्या अंगास असलेली मऊ, लांब मांसाची पट्टी पाहिलीच असेल, तीच ही. मांडी वर उचलणें हें त्याचें मुख्य काम. चढण चढतांना, पाऊल पुढें टाकतांना, निजल्या जागेवरून उठून बसतांना तोच ओढ घेतो.

आतां मनुष्य खुर्चीवर, ट्रॅक्टरवर किंवा शिवणयंत्रापुढें तासन् तास बसला, म्हणजे त्याची मांडी दुमडलेली राहते व हा स्नायू तितका वेळ आखूड राहतो. भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया बसत नाहींत हें खरें. पण त्या कंबरेंत वांकून दिवस घालवितात, तेव्हां धड व मांडी यांमधला कोन त्यांचाही मिटलेलाच असतो, आणि पाठीवर सगळ्या धडाचा भार पडतो तो निराळाच. सायंकाळीं सरळ उभें राहूं जातां आखडलेला स्नायू मणक्यांस पुढें ओढूं लागतो, कंबरेंतला खळगा वाढतो व मागच्या लहान सांध्यांवर दाब येतो. दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूहळू ताठ होणारी बाई बांधावर कोणीं पाहिली नाहीं? मात्र प्रत्येक कंबरदुखी या स्नायूचीच, असें समजूं नये. बहुतेक कंबरदुखीचें एकच नेमकें कारण डॉक्टरांसही दाखवितां येत नाहीं.

स्नायू आखडला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची सोपी रीत लिव्हरपूल येथील अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. बाज खोलगट असते, म्हणून जमिनीवरच उताणें निजावें. एक गुडघा दोन्ही हातांनीं छातीशीं धरावा व दुसरा पाय सरळ पसरावा. पसरलेल्या पायाची मांडी जमिनीस टेकून राहिली तर ठीक. ती आपोआप वर उचलली जात असेल, तर त्या बाजूचा स्नायू आखडला आहे.

तो सैल करण्यास पैसा लागत नाहीं. गोणपाटाची घडी घालून तीवर एक गुडघा टेकावा व दुसरें पाऊल पुढें ठेवावें. टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळून माकडहाड खालीं दाबल्यासारखें करावें, आणि मग सर्व अंग थोडें पुढें न्यावें. जांघेंत ताण जाणवला पाहिजे, दुखूं नये. अर्धा मिनिट थांबून सोडावें. दोन्ही बाजूंस दोन-तीन वेळां, रोज. येथें बहुतेक जण चुकतात ते असें कीं, छाती पुढें काढून कंबर मागें वांकवितात. तसें केल्यानें ताण स्नायूवर न पडतां दुखऱ्या मणक्यांवरच पडतो. याशिवाय बसून काम करणारांनीं अर्ध्या तासानें उठून चार पावलें टाकावीं, व लावणी-खुरपणी करणारांनीं ओळ संपली कीं सरळ उभें राहावें.

अंथरूण धरून पडूं नये. १९९५ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी शहराच्या नोकरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत निजून राहिलेल्यांपेक्षां झेपेल तसें नेहमींचें काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. बिब्बा घालणें व डाग देणें यांविषयीं आमचें मत कडक आहे: कातडी भाजते, आणि आंतला स्नायू होता तसाच राहतो.

आतां धोक्याच्या खुणा. लघवी किंवा शौच यांवरचा ताबा गेला, बैठकीच्या जागीं बधिरपणा आला, अथवा पायांतली शक्ति कमी होऊं लागली, तर त्याच दिवशीं रोग्यास इस्पितळांत न्यावें. दुसरी गोष्ट गांवांत सहज नजरेआड होते. पाठीच्या कण्यास क्षय झाला असतां त्याचा पू याच स्नायूच्या वाटेनें खालीं उतरून जांघेंत गांठ येते, व रोगी मांडी दुमडून धरतो. बारीक ताप, रात्रीं घाम, वजन घटणें आणि न थांबणारी पाठदुखी असेल, तर तेथें ताणाचे व्यायाम करूं नयेत, चोळूं तर मुळींच नये. सरकारी आरोग्य केंद्रांत क्षयावरचीं औषधें फुकट मिळतात. तीं पुष्कळ महिने घ्यावीं लागतात व मध्येंच सोडतां येत नाहींत. अशा रोग्यास खोकला नसूंही शकतो. म्हणून थुंकी निर्दोष निघाली एवढ्यावरून त्यास घरीं परत आणूं नये. कण्याची तपासणी करा, असें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.