बुरशीविरोधी औषधांचे नवे लक्ष्य

प्रश्न : प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसपासून बुरशीविरोधी औषध कसे घडू शकते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : 2021 मध्ये नागपूरसह विदर्भात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधाचा तुटवडा पडला आणि वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. मूत्रपिंडाला अपाय करू शकणाऱ्या या औषधाला पर्याय शोधणे म्हणूनच अगत्याचे आहे. टॅक्रोलिमस पेशीतील एफकेबीपी-12 या प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी कॅल्शियमच्या संकेतांवर चालणारे कॅल्सिन्युरिन हे विकर बंद पाडते. त्यामुळे मानवी टी-पेशींची प्रतिकारक्षमता मंदावते, तर बुरशीची रोगकारकता खुंटते आणि म्युकरमायकोसिस घडवणारी म्युकर बुरशी ऊतींत शिरणारे तंतू न वाढवता यीस्टसारख्या गोल रूपात अडकून पडते. दोन्हीकडील प्रथिने बरीच सारखी असल्याने मूळ औषध रुग्णाचीच प्रतिकारशक्ती खच्ची करते, ही खरी अडचण आहे. तथापि 2019 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रथिनसंकुलांच्या स्फटिकरचनेतील सूक्ष्म फरक उलगडले आणि एपीएक्स879 हे टॅक्रोलिमसचे बदललेले रूप उंदरांमधील क्रिप्टोकोकस या बुरशीच्या संसर्गावर उपयुक्त, तसेच प्रतिकारशक्तीला कमी मारक असल्याचे दाखवले. असे औषध प्रत्यक्ष हाती येईपर्यंत मधुमेहावर नियंत्रण, त्वरित निदान, शस्त्रक्रिया आणि उपलब्ध औषधे हाच रुग्णाचा आधार असून, टॅक्रोलिमस डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणे किंवा थांबवणे धोक्याचे आहे.